फेडायचं काही उरतं का?

होळी पाच-सहा दिवसांवर आली की सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरचा, होळीत नाचणारा बुध्या खाटेवर झोपणं सोडतो. खाटेवर बसतही नाही. पायात चप्पल नाही, बायकोजवळ जायचं नाही, आपलं अन्न आपणच रांधायचं. याला पालनी म्हणतात. कमरेला सुकलेल्या दुधी भोपळ्यांची माळ, घुंगरं, अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा नि मोरपिसांचा उंच टोप, हे सगळं पुढे फोटोत दिसतं. पालनी फोटोत येत नाही.

काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं गाव, एका जुन्या मेवासी संस्थानाचं ठिकाण. इथली राजवाडी होळी १२४६ सालापासून पेटते असं गावात सांगतात. कागद मागू नये. सांगणाऱ्याचा आवाज पुरेसा ठाम असतो. होळीचा दांडा म्हणजे सरळ, उंचच उंच बांबू. तो ज्या खड्ड्यात उभा करायचा, तो कुदळ-फावडं न लावता हातांनी उकरतात. रात्रभर ढोल आणि फेर चालतो, होळी पेटते पहाटे. अलीकडे त्या रात्री घाटात गाड्यांची रांगही लागते. नाशिकच्या, पुण्याच्या, सुरतेच्या नंबरप्लेटा, छपरावर ट्रायपॉड बांधलेले, मागच्या सीटवर पांघरूण घेऊन पोरं झोपलेली. पहाटे ज्वाळा उठली की हजार मोबाइल एकदम वर जातात. उजाडता उजाडता गाड्या घाट उतरायला लागतात, कारण सोमवारी ऑफिस असतं.

त्या पहाटे काठीला होळी नक्की कोणाची झाली? प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, आणि आजचाही नाही.

पूर्वमीमांसेच्या पंडितांना विचारलं असतं तर त्यांनी चटकन निकाल दिला असता. यज्ञाचं फळ यजमानाला. ऋत्विज राबतात, त्यांना दक्षिणा मिळते आणि त्यांचा हिशेब तिथेच संपतो. मांडवाबाहेर उभं राहून धूर पाहणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. पण याच देशात नाट्यशास्त्र झालं, आणि दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसाचं घर प्रेक्षकाच्या मनात शोधलं. पाहणारा रिकामा नसतो, सगळं त्याच्यासाठीच तर चाललेलं असतं! मुंडक उपनिषदातले एकाच झाडावरचे दोन पक्षी तर सर्वांना ठाऊक आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो, आणि उपनिषदाचा ओढा पाहणाऱ्याकडे आहे. शिवाय आपल्याकडे देवाला जातात ते दर्शनालाच. पंढरीला गाभाऱ्यापर्यंत पोचता आलं नाही तर मुखदर्शन घेतात, तेही जमलं नाही तर कळसाला हात जोडून परत फिरतात, आणि वारी पावली असंच मानतात. मग पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आलेल्याने काठीची होळी डोळे भरून पाहिली, तर त्याला उपरा का म्हणायचं?

म्हणून केवळ पाहिलं की भोगलं या टोकाने हा गुंता सुटत नाही. दुसरं टोक धरावं लागेल, आणि त्यासाठी आधी सहल नि यात्रा शेजारी ठेवून पाहाव्या लागतील.

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. जिल्ह्याची तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते आणि जिल्ह्यातली माणसंही सुट्टी लागली की बऱ्याचदा तिच्याच दिशेने निघतात. उधना-जळगाव लाइनची गाडी धरायची, नवापूर स्टेशनवर अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत असलेल्या बाकावर फोटो काढायचा, आणि डुमसच्या काळ्या रेतीवर संध्याकाळी भजी खायची. पावसाळ्यात सापुतारा, नाहीतर आपलं तोरणमाळ. याला आपण सहल म्हणतो. शब्द अरबी मुळाचा, आणि अरबीत सहल म्हणजे सोपं, सुकर. नाव अगदी नेमकं पडलंय. सहलीत काही अवघड असता कामा नये; रस्ता खराब असला, खोलीत गरम पाणी आलं नाही, की ती बिघडते. यात्रेचं उलटं. रस्ता जितका खराब तितकी सांगायला जास्त. आणि यात्रा नि जत्रा हा तर एकच शब्द, एकदा सोवळ्यात आणि एकदा धुळीत चालून आलेला.

म्हणजे पहिली गोष्ट ही, की मौज आली म्हणून धर्म गेला असं इथे कधीच नव्हतं. गणपतीपुळ्याला माणसं ओल्या कपड्यांनी वाळूतून देवळाकडे येतात आणि अख्ख्या टेकडीला प्रदक्षिणा घालून पुन्हा लाटांत शिरतात. देव रागावल्याचं ऐकिवात नाही. नंदुरबारपुरतं बोलायचं तर सारंगखेड्याला जावं.

सारंगखेडा शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. इथे एकमुखी दत्त आहे. महाराष्ट्राला दत्त म्हटलं की तीन तोंडं आठवतात, पण महानुभावांच्या पंचकृष्णांतले दत्तात्रेय प्रभू एकाच मुखाचे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, यात्रा भरते आणि पुढे पंधरवडाभर चालते. यात्रेचं नाव देशभर झालं ते मात्र घोड्यांमुळे. मारवाड, काठेवाड, पंजाबकडचे व्यापारी जनावरं घेऊन येतात. नदीकाठच्या थंडीत गोणपाटाची झूल पांघरलेले घोडे रांगेने बांधलेले असतात, हरभऱ्याचा नि लिदीचा मिसळलेला वास येतो, आणि खरेदीदार आधी दात बघत नाही, भोवरे बघतो. गळ्याखाली देवमण आहे का? चारही पाय पांढरे नि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. त्याच्याभोवती लगेच घोळका. मग कोणीतरी पोरगं उघड्या पाठीवर बसून रेवाल चाल दाखवतं. चांगल्या रेवाल घोड्यावर हातात पाण्याचा पेला धरला तरी हिंदकळत नाही अशी ख्याती, आणि पेला खरोखर धरून दाखवणारा एखादा असतोच.

या गर्दीतून वाट काढत दर्शनाची रांग जाते. कोणी नवसाची तुला करतो, मुलाच्या वजनाइतका गूळ तोलून देतो. तोच माणूस तासाभरात गुळाची जिलबी खात घोड्याचा भाव ऐकत उभा असतो. यातला भाविक कुठे संपला आणि हौशी कुठे सुरू झाला हे त्यालाही सांगता येणार नाही, आणि सांगावं असं त्याला वाटतही नाही.

मग चेतक फेस्टिवल आला. गेल्या दशकात या यात्रेला पर्यटनाचं रूप देण्याचा मोठा घाट घातला गेला. राज्याचं पर्यटन खातंही त्यात उतरलं, नदीकाठी तंबूंची वसाहत उभी राहिली, अश्वनृत्याच्या नि अश्वसौंदर्याच्या स्पर्धा झाल्या, आणि पौर्णिमेचा उत्सव लांबत पार डिसेंबरअखेरीस भिडला. टीका झाली, कौतुकही झालं. घोडेवाल्यांना गिऱ्हाईक मिळालं, हे खरं. तंबूत अटॅच्ड बाथरूम होतं, हेही खरं, आणि त्यात पाप काही नाही.

इथे एक जुना युक्तिवाद हमखास पुढे येतो. सण चंद्राने ठरवायचा असतो. माणसाने आपल्या रजेप्रमाणे तो ताणला की त्याचा इव्हेंट होतो. ऐकायला बरं वाटतं. भाषाही साक्ष देते. पर्व म्हणजे मुळात वेताचा, बांबूचा सांधा, ज्याचं मराठीत पेर झालं. काळाच्या गुळगुळीत नळीवर जिथे गाठ येते तिथे पर्वणी. ती गाठ आपण पाहिजे तिथे मारू शकत नाही, ती उगवलेलीच असते. प्रकाशा गावात, तापी-गोमाईच्या संगमावर, गौतमेश्वराची यात्रा बारा वर्षांनी भरते, गुरू सिंह राशीत आला की. दक्षिण काशी म्हणवणाऱ्या त्या गावाला घाई नाही. त्याच्या पांढरीच्या टेकाडात १९५५च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर निघाले. बारा वर्षं म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही.

पण सातपुडा हा युक्तिवाद मोडून काढतो. तिथे होळी एका रात्री नसते. देवांची होळी म्हणून डाबची आधी, मग काठीची, मग मोलगीच्या बाजूची, धडगावच्या बाजूची, अशी ती गावोगाव वेगवेगळ्या रात्री पेटत जाते. पौर्णिमा एकच, होळ्या अनेक. कारण विचारलं तर उत्तर अगदी व्यवहारी मिळतं. सगळ्यांची एकाच रात्री पेटली तर एकमेकांकडे जायचं कसं? म्हणजे पाहुण्यांच्या सोयीसाठी तिथी सरकवणं हे पर्यटन महामंडळाने शोधून काढलेलं नाही. पाड्यांनी ते फार आधी केलं. फरक इतकाच, की आज काठीला पाहुणा म्हणून नाचणारा उद्या आपल्या गावी यजमान असतो, आणि काठीवाल्यांना तिथे यावं लागतं. न आले तर त्याची चर्चा होते. पुण्याच्या गाडीवाल्याच्या गावी पेटायची होळीच नसते, निदान काठीच्या माणसाने यावी अशी तरी नाही.

दुसरं टोक हे असावं. प्रश्न श्रद्धा किती आणि मौज किती याचा नाही, येणाऱ्याच्या अंगावर काही देणं चढतं का, याचा आहे.

मराठीत कर्ज फेडतात आणि नवसही फेडतात. आईवडलांचे पांगही फेडतात. क्रियापद एकच आहे आणि ते योगायोगाने आलेलं नाही. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊनच जन्मतो असं म्हटलंय: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. शाळेत आपल्याला हीच तीन सांगतात. शतपथ ब्राह्मण त्यात चौथं घालतं, माणसांचं ऋण. ते फेडायची रीत साधी आहे, आलेल्याला घरात ठेवून घ्यायचं आणि जेवू घालायचं. या चौथ्या ऋणाचं कीर्तनांतून फारसं ऐकू येत नाही. कदाचित त्यात पुरोहिताला काही काम नाही म्हणून असेल.

सहलीचं वैशिष्ट्य असं, की ती हे ऋण चढूच देत नाही. खोलीचे पैसे आगाऊ, जेवणाचं बिल हातोहात, गाइडला टीप. निघताना कोणाचं काही लागत नाही. त्यातच तिचं सुख आहे, आणि ते सुख लहान नाही. वर्षभर हप्ते, सासर-माहेर, साहेब यांच्या देण्यात रुतलेल्या माणसाला चार दिवस कोणाचंच काही लागत नसावं, ही इच्छा काही हीन नव्हे. समुद्राकाठी बसलं की हेच वाटतं. लाट कोणाला ओळखत नाही.

नर्मदेच्या परिक्रमेला निघालेल्याची गत बरोबर याच्या उलट. दक्षिण तटाचा मार्ग हल्ली खेतियाकडून शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा या जिल्ह्यातून जातो. परिक्रमावासीयांना मूर्ती म्हणायची पद्धत आहे. ओसरीवर आवाज येतो, 'नर्मदे हर, पाच मूर्ती आल्यात', आणि घरातली बाई पीठ काढते. ती त्यांना ओळखत नाही, ते पुन्हा येणार नाहीत, पैसे घ्यायचे नाहीत. पूर्वी हाच मार्ग नदीकाठाने शूलपाणीच्या झाडीतून जायचा, आणि तिथे भिल्ल मंडळी परिक्रमावासीयाचं होतं नव्हतं ते काढून घेत, अंगावरच्या कपड्यांसकट. परिक्रमेच्या जुन्या आठवणींत त्याची तक्रार क्वचितच सापडते. लुटणाऱ्याला 'मामा' म्हणत आणि मैयानेच ओझं उतरवलं असं मानत. आज त्याच डोंगरातली माणसं त्याच वाटसरूंना भाकरी देतात. घेऊन मोकळं करणं आणि देऊन बांधणं, दोन्ही कामं एकाच मुलखाने केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

देवमोगऱ्याची गोष्टही याच धाटणीची. याहा मोगी ही सातपुड्यातल्या आदिवासींची आई. तिचं ठाणं हद्दीपलीकडे, गुजरातच्या सागबारा तालुक्यात. महाशिवरात्रीला नंदुरबारमधून माणसं तिकडे लोटतात. नव्या बांबूच्या टोपलीत घरचं धान्य नेतात, वर मोहाची धार. दारूबंदीच्या राज्यात देवीला मोहाची दारू चालते, हा कायद्याने डोळा मिटून घेतलेला एक सुंदर अपवाद आहे. पण मुद्दा धान्याचा. यंदाचं पीक आलं ते आईचं, त्यातलं आधी तिचं तिला. पुढचं पीक येईल तेव्हा पुन्हा. या खात्याची बाकी कधी शून्य होत नाही आणि कोणाला ती शून्य व्हावी असं वाटत नाही. नाळ म्हणा, उधारी म्हणा.

मग फक्त फिरतच राहणारा, कोणाचं काही न लागणारा माणूस कसा असेल? त्याचंही उत्तर याच डोंगरात आहे, आणि ते भयंकर आहे. धडगाव तालुक्यात अस्तंबा हे १३२५ मीटर उंचीचं शिखर. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून जथे निघतात, रात्रभर चढतात. देव कोण, तर अश्वत्थामा. झोपलेली पोरं मारणाऱ्याची यात्रा दुसरीकडे कुठे भरते? सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला शाप देतो तो मरणाचा नाही, भटकण्याचा. तीन हजार वर्षं, वाहती जखम घेऊन, कोणाच्या बोलण्यात न येता, एकट्याने निर्जन मुलखांतून. आतिथ्य नाही, वस्ती नाही. लोकांनी पुढे त्याला चिरंजीव केलं आणि शिक्षा आणखी लांबवली. त्याच्या काळाला पेरच नाही. सगळे दिवस सारखे. महाभारतकाराला कायमची भटकंती ही सर्वांत कठोर सजा वाटली, हे दर शनिवारी बॅग भरणाऱ्या पिढीने एकदा वाचायला हरकत नाही.

सातपुड्यातल्या माणसांनी मात्र त्या शापात एक फट शोधली. म्हणे तो डोंगरात येणाऱ्या-जाणाऱ्याकडे जखमेसाठी तेल मागतो. आणि वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो. म्हणजे ज्याला माणसांतून उठवलं होतं, त्याच्याशीही त्यांनी देणंघेणं सुरू केलं. तेलाच्या थेंबापुरतं का होईना.

तोरणमाळबद्दल फार लिहायला नको. यशवंत तलाव, सीताखाई, सात पायरीचा घाट, पावसाळ्यात धुकं, शनिवार-रविवारी मक्याची कणसं. गोरखनाथाच्या देवळापाशी महाशिवरात्रीला यात्रा भरते तेव्हा तेच पठार ओळखू येत नाही. एकाच जागेचे दोन मोसम, आणि दोघांची एकमेकांशी फारशी ओळख नाही.

लिहायला हवं ते पाण्याबद्दल. जिल्ह्याच्या उत्तर कडेला आता समुद्रासारखं पाणी आहे, सरदार सरोवराचं. महाराष्ट्रातली तेहतीस गावं या धरणाने बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजेच धडगाव, तालुक्यांतली. त्यांतल्या मणिबेलीत पाणी शिरलं १९९३ साली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही गेलं; देवाला गुजरातेत नव्या जागी बसवलं. २०१९च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण, १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. गुजरातच्या बाजूला आता सरदारांचा पुतळा आहे, टेंट सिटी आहे, पर्यटकांच्या बोटी आहेत. महाराष्ट्राच्या बाजूनेही जलपर्यटनाची बोलणी अधूनमधून होत असतात, आणि बोटीत बसून तो डोंगर-पाण्याचा देखावा पाहिला तर कोणाचंही मन हरखेल. देखावा खरा आहे. मात्र त्या पाण्याखाली काठीसारखीच होळीची मैदानं आहेत, ज्यांची पाळी फेऱ्यात ठरलेली होती. तळोद्याच्या, शहाद्याच्या बाजूला पुनर्वसन वसाहतींत गेलेल्यांनी तिथे दांडा उभा केला. सपाट जमिनीवर, ऊस-केळीच्या शेजारी. मूळ पाड्यांचे पाहुणे आता एवढ्या लांब यायचे तर जीप ठरवून येतात.

त्या निळ्या पाण्यावर सहलीला जाणाऱ्याने काय फेडायचं? तिकिटाचे पैसे तर तो देईलच. शतपथातल्या चौथ्या ऋणाची त्याला आठवण करून द्यायची तर कोणाच्या दारी पाठवायचं? दार पाण्यात आहे, आणि दाराचा मालक वसाहतीतल्या प्लॉटवर.

काठीला होळी पेटून खाली आली की ढोल थांबत नाहीत, सरकतात. सूर्य वर येईपर्यंत गाड्यांची रांग मोलगी-अक्कलकुव्याच्या वळणांवरून निघून गेलेली असते. बुध्याचं अंग घामाने भिजून पांढरे ठिपके ओघळलेले असतात. तो झाडाखाली तासभर जमिनीवरच आडवा होतो, उठून टोपाची निसटलेली मोरपिसं खोचतो, कमरेचा एक भोपळा फुटलेला असतो तो सोडून टाकतो. पुढच्या गावची होळी पेटायची आहे. तिथली माणसं काल रात्रभर इथे नाचली. त्यामुळे जावंच लागेल, आणि पायी. घरची खाट अजून भिंतीला टेकवूनच उभी आहे.